जानेवारीत गावात पडदा लावायचा आहे. या सात पिक्चरांतले कोणते घ्यावे, आणि आवाजाचं काय करावं?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. गाव राळेगाव तालुक्यातलं, अडीचशे घरांचं. वाचनालयाकडून जानेवारीत तीन शनिवारी जि. प. शाळेच्या पटांगणात पडदा लावून पिक्चर दाखवायचे ठरत आहेत. प्रवेश फुकट. दीडशे-दोनशे माणूस धरून चाला, त्यात निम्म्याहून जास्त बाया आणि पोरं. बाया दिवसभर कापूस वेचून येतात, स्वयंपाक उरकून साडेसातच्या आत कोणी बसत नाही. त्याआधी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते, तीही मोडायची नाही.

निवड करायची म्हणून सात पिक्चर पाहून काढले. मत देतो, तुमचं वेगळं असेल तर मांडा.

‘स्थळ’ माझ्या हिशेबानं सगळ्यांत वर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घेतलेला, माणसंही बहुतेक तिथलीच. मुलगी पाहायचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो. प्रश्न तेच: नाव काय, उंची किती, छंद काय. पिक्चरचा सगळा जोर या पुन्हा-पुन्हात आहे. पुढचे पाहुणे आले की पाहणाराच अवघडून बसतो. शंका एवढीच की इतका हळू बोलणारा पिक्चर मोकळ्या पटांगणात टिकेल का.

‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) यवतमाळचा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलका आपल्या नवऱ्यावर नजर ठेवते, पोराला त्याच्या मागे लावते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी दोघांनी बोली नुसती पाठ केलेली नाही, ती त्यांच्या अंगात उतरली आहे. पण गावात अशी तीन घरं आहेत. त्यांच्यासमोर हा लावावा का, हे मला ठरवता येत नाही.

‘झुंड’ (२०२२) आवडला, पण जवळपास तीन तासांचा. ‘लापता लेडीज’ (२०२४) सगळ्यांना कळेल, हसतीलही. ‘शेरनी’ (२०२१) आपल्याच तालुक्यातल्या अवनी वाघिणीवरून सुचलेला आहे, पण त्यातलं जंगल आपलं वाटत नाही. ‘ट्वेल्थ फेल’ (२०२३) अभ्यासिकेतल्या पोरांसाठी मनात आहे. ‘कोर्ट’ मला स्वतःला फार मोठा वाटतो, पण पटांगणात चालेल असं वाटत नाही.

सामान असं: भाड्याने मिळणारा, ‘९००० ल्युमेन’ लिहिलेला छोटा एलईडी प्रोजेक्टर, डीजेचे दोन बॉक्स, देवळावरचा भोंगा आणि पांढरी चादर. एवढ्यात भागेल का?

आर्वीची_लेक

‘स्थळ’बद्दलची शंका काढून टाका. पिक्चर हळू बोलतो हे खरं, पण त्यातला आवाज न् आवाज गावच्या कानाला ओळखीचा आहे, म्हणून लोक कान देतात. सुरुवात पाहा. तिथे सगळा कार्यक्रम उलटा आहे: बाया प्रश्न विचारायला बसल्या आहेत आणि मुलगा समोर खाली मान घालून. पटांगणात या जागी हशा होणारच. पुढे खरे पाहुणे येतात, तेच प्रश्न सुरू होतात आणि आधी हसलेली माणसं गप्प होतात. ही पहिली पाच मिनिटं चुकली तर अर्धा पिक्चर हातचा गेला. म्हणून लोकांना साडेसात सांगा आणि सुरू पावणेआठला करा. आलेली बाई बसून स्थिर झाली पाहिजे.

आणि जानेवारी हा या पिक्चरचा नेमका महिना आहे. त्यातला बाप कापसाच्या भावाची वाट पाहतो, कारण लग्नाचा आणि हुंड्याचा पैसा त्याच कापसातून निघायचा आहे. आपल्याकडे जानेवारीत निम्म्या घरांत कापूस साठवलेला असतो. विकावा की थांबावं हे बोलणं रोजचं असतं आणि लग्नाची तारीख त्यावर अडलेली असते. एप्रिलमध्ये दाखवाल तर तो आठवणीतला पिक्चर होईल. जानेवारीत तो घरातला आहे.

उणीवही सांगते. नायिका सविताचं मन अभ्यासापलीकडे फार थोडं उघडतं. तिला काय नको हे पक्कं कळतं, काय हवं ते परीक्षेच्या नावावर संपतं. नंदिनी चिकटे डोळ्यांनी ती जागा बरीच भरून काढते. तरी एखादा प्रसंग फक्त तिचा, पाहुण्यांशिवायचा, आणखी हवा होता.

‘लापता लेडीज’ पहिल्या शनिवारी लावा. दोन तास चार मिनिटांचा आहे, हिंदी सोपी आहे, आणि घुंगटामुळे नवरी बदलली हे सुरुवातीलाच पोरासोराला कळतं. छाया कदमची मंजूमाई स्टेशनवर चहाचा गाडा चालवते. तिच्या वाक्यांना बायांकडून दाद येईल. त्यातल्या एका नवरीला, जयाला, सेंद्रिय शेती शिकायची आहे, हेही आपल्या माणसाला लांबचं वाटणार नाही. ठाणेदार शेवटी इतक्या सहज बदलतो ते मला पटलेलं नाही, पण रवी किशननं ते पात्र सुरुवातीपासून असं तोलून धरलं आहे की राग येत नाही. या पिक्चरनं गर्दी बसायला शिकते. दुसऱ्या शनिवारी ‘स्थळ’ घ्या, तीच गर्दी जास्त शांत असेल.

बसण्याचं एक सांगते. बायांना कडेला बसवण्याची रीत आहे, ती या दिवशी मोडा. तिरक्या कोनातून पडदा फिका दिसतो, आणि निम्मा आवाज एकाच बॉक्सचा येतो. मधला पट्टा बायांचा ठेवा. पोरं पुढे, पण पडद्यापासून १२ फूट सोडून. पुरुष मागे आणि कडेला उभे राहिले तरी त्यांना दिसतं.

‘गाभ्रीचा पाऊस’बद्दल: दाखवू नका असं मी म्हणणार नाही, पण या तीन शनिवारांत नको. त्या तीन घरांत आधी कोणीतरी जाऊन तोंडानं सांगायला हवं की पिक्चर कशावर आहे. निरोप किंवा पाटी पुरत नाही. आशाताई (गावच्या आरोग्य सेविका) हजर हव्यात, आणि सुरू करण्याआधी मोठ्यानं सांगावं की मधून उठून गेलं तरी चालेल. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर पिक्चर संपल्यावर पडद्यावर दोन मिनिटं राहू द्या. एवढं जमेल तेव्हाच लावा. आणि लावाल तेव्हा खोलीत, वीस-पंचवीस माणसांत, नंतर बोलायला वेळ ठेवून.

वणीचा_साउंडवाला

भाऊ, आधी त्या ९००० ले विसरा. तो डब्ब्यावरचा आकडा. दुकानदाराले ‘एएनएसआय ल्युमेन किती’ असं विचारा, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला खरा उजेड. असे छोटे एलईडी डब्बे खरे २००-३०० एएनएसआय देतेत. आता हिशेब करा. पडदा १२ फूट रुंद, उंची पावणेसात फूट, म्हणजे ८१ चौरस फूट. ३०० ले ८१ नं भागा, दर चौरस फुटाले पावणेचारही येत नाही. चांगल्या थेटरात हाच आकडा १४ च्या आसपास असते. म्हणजे लोकाइले रात्रीचा सीन दिसणारच नाही, नुसता काळा पडदा. ‘लापता लेडीज’मधला रात्रीच्या गाडीचा सीन तर पाह्यजाच नका.

३५०० एएनएसआयचा प्रोजेक्टर पाहा. शाळा-कॉलेजात, कोचिंग क्लासवाल्याजवळ असते. त्याचे ४३ निघतेत. रंग बरोबर यावे म्हणून सिनेमा मोड लावला की निम्मा उजेड जाते, तरी वीस उरतेत. लय झाले. फक्त शाळेसमोरच्या खांबावरचा लाइट दोन घंटे बंद करून घ्या ग्रामपंचायतीले सांगून, आणि पौर्णिमेचा शनिवार टाळा.

पडद्याले चादर नोका. निम्मा उजेड आरपार जाते आणि मागून पोट्टे उलटा पिक्चर पाहत बसतेत. फ्लेक्सवाल्याकडून कोरा फ्लेक्स घ्या, मागून काळा अन् समोरून चमक नसलेला. माप १३ बाय ८ सांगा, काठ दुमडाले लागतेत. दर दीड फुटावर रिंग मारून घ्या. बांबूची चौकट करा, पण फ्लेक्स सरळ दोरीनं बांधू नोका. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद रिंगा कापा, एक टोक फ्लेक्सच्या रिंगमंधी, दुसरं बांबूवरच्या खिळ्याले. हवा आली की ट्यूब ताणते, पडदा फाटत नाही आणि चौकट पडत नाही. १३ बाय ८ चा फ्लेक्स म्हणजे शिडाचं जहाज हाय, दोन्ही बाजूनं मागे ताण द्या, खुंट्या दीड फूट खोल. पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर पाह्यजे, नाही तं मागच्याले पुढच्याचं डोस्कं दिसते.

आता आवाज. भोंगा अजिबात नाही. भोंग्यात माणसाच्या आवाजातला जाडपणा कापल्या जाते, ‘स्थळ’मधलं हळू बोलणं पत्र्यावर खडे टाकल्यावानी वाटीन. डीजेचे खालचे मोठे बेसचे बॉक्सही नोका. बारा इंची टॉप (बोलणं साफ देणारे वरचे बॉक्स) दोन, स्टँडवर, सात फूट उंच, पडद्याच्या दोन्ही बाजूले, तोंड जरासं आत. बस.

सगळ्यात जास्त घोटाळा होते तो वायरमंधी. ध्यान देऊन वाचा. लॅपटॉपमंधी घालाची जी पिन असते तिच्या टोकावर काळ्या रिंगा मोजा. दोन रिंगा म्हणजे स्टिरिओ. पुष्कळदा त्याच वायरचं दुसरं टोक मिक्सरच्या माइकच्या तोंडात जाते, गोल तीन पिनवालं. डावा आवाज एका तारेवर, उजवा दुसऱ्या तारेवर. अन् माइकचं तोंड या दोन तारेतला फरक घेते. संवाद तं दोन्हीकडं सारखाच असते, म्हणून वजा होऊन शून्य! गाणं, पाऊस, गाडीचा आवाज तेवढा उरते. लोक म्हणतेत पिक्चरची कॉपी खराब, डीजेवाला आवाज वाढवते, गाणं कान फाडते अन् बोलणं तरी ऐकू येत नाही. इलाज सोपा हाय: एका टोकाले स्टिरिओ पिन अन् दुसऱ्या टोकाले दोन वेगळ्या पिना असलेली वायर घ्या, त्या मिक्सरच्या दोन वेगळ्या लाइनच्या तोंडात घाला.

दुसरा घोटाळा: फाइल फाइव्ह पॉइंट वन (सहा बॉक्ससाठी वेगवेगळा आवाज) असली की संवाद मधल्या चॅनलमंधी असते, आपल्याजवळ मधला बॉक्सच नाही. प्लेअरच्या सेटिंगमंधी आवाज स्टिरिओवर आणा, म्हणजे मधला डाव्या-उजव्यात मिसळते.

घूं असा आवाज येत असला तं लॅपटॉपचं चार्जर काढून पाहा. बंद झाला तं अर्थिंगचा दोष, बॅटरीवर चालवा.

वडसा_पॅसेंजर

वरच्या दोघांशी बराचसा सहमत. एका गोष्टीवर नाही, ती म्हणजे ‘गावचा माणूस संथ पिक्चर पाहत नाही’ हे मूळ प्रश्नातच धरून चाललेलं गृहीतक. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर होळीपर्यंत शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटकं चालतात. वडशाच्या मंडळांची नाटकं रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत जातात, थंडीत, जमिनीवर बसून. सहा-सात तास बसणारा प्रेक्षक पावणेदोन तासांच्या संथ पिक्चरला कंटाळतो, हे पटत नाही. फरक एवढाच की नाटकातला नट शेवटच्या माणसासाठी बोलतो. पिक्चरमधला नट शेजारच्यासाठी बोलतो. म्हणजे प्रश्न ऐकू येण्याचा आहे, आणि त्यावर साउंडवाल्या भाऊंनी नेमकं बोट ठेवलं आहे.

‘कोर्ट’ मात्र खरंच पटांगणात नको, पण कारण संथपणा नाही. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती चारही भाषा आहेत. वकील कायद्याची कलमं इंग्रजीत वाचते, तिथला सगळा अर्थ त्या एकसुरी वाचण्यात आहे. सबटायटल वाचल्याशिवाय ते हाती लागत नाही. १२ फुटी पडद्यावर सबटायटलचं अक्षर साधारण चार इंचांचं पडतं. अक्षराच्या एका इंचाला दहा फूट असा धोपट हिशेब धरला तर चाळीस फुटांपलीकडचा माणूस बाहेर राहतो, आणि ज्यांना वाचता येत नाही ते तर पहिल्यापासूनच बाहेर. वाचनालयाच्या खोलीत तीस माणसं बसवून दाखवा. ज्याच्यावर खटला चालतो त्या शाहीर नारायण कांबळेची भूमिका केलेले वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते होते, २०२१ मध्ये कोरोनानं गेले. ते कधी मोठ्यानं अभिनय करत नाहीत. साक्षीच्या पिंजऱ्यात ते जसे उभे राहतात तसा माणूस आपण तहसील कचेरीत रोज पाहतो. कॅमेरा लांब, एका जागी, हलतच नाही. सुनावणी संपते, पुढची तारीख पडते, आणि कॅमेरा तिथेच. तारखेचा कंटाळा दाखवायला याहून नेमका मार्ग मला माहीत नाही.

बोलीबद्दल सांगायचं तर ‘झुंड’ ऐकाच. नागपूरच्या वस्तीतली खरी पोरं घेतली असल्यामुळे ‘बे’ जिथे यायला हवा तिथेच येतो. पुण्या-मुंबईचे नट विदर्भ करायला घेतात तेव्हा प्रत्येक वाक्याला ‘बे’ आणि ‘काहून’ लावतात. नागपूरचं पोरगं दोस्ताला ‘बे’ म्हणतं, बापाला म्हणत नाही. राजुऱ्याकडची (चंद्रपूर जिल्हा) बोली, वऱ्हाडी, नागपुरी आणि आमची झाडीबोली या चार वेगळ्या आहेत. ‘स्थळ’ आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ लागोपाठ पाहिले की हा फरक कानाला कळतो.

‘झुंड’चा दुसरा भाग लांबला अशी तक्रार सगळे करतात. माझं मत उलट आहे. पहिला भाग पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडणाऱ्या पोरांचा आणि कॉलेजच्या संघाविरुद्धच्या फुटबॉल मॅचचा, तो कोणालाही आवडतो. पण पासपोर्टसाठी मोनिका आणि तिचा बाप कागद गोळा करत फिरतात, आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला दारोदार जातात, तो तुकडा खेड्यातल्या माणसासाठी पिक्चरचा गाभा आहे. जातपडताळणी, रहिवासी दाखला, सेतू केंद्रातली रांग हे ज्यानं केलं आहे त्याला तो लांबलेला वाटत नाही. अडचण घड्याळाची आहे. पावणेआठला सुरू केला तर पावणेअकराला संपेल, आणि रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. दोन दिवसांत विभागा. कॉलेजची मॅच संपते तिथे थांबवा. मधलं कापून छोटा मात्र करू नका.

पगमार्क

‘शेरनी’बद्दल. अवनीला, म्हणजे टी-१ ला, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात मारलं. तिची दोन पिल्लं होती. पिक्चरनं वाघीण टी-१२ केली, जागा मध्य प्रदेशात नेली, पिल्लं दोनच ठेवली. जंगल आपलं वाटत नाही हे निरीक्षण बरोबर आहे. पांढरकवडा-राळेगावचं जंगल सलग नाही. सागाचे तुकडे, मधे घाणेरीची झुडपं, आणि त्यांना खेटून कपाशी आणि तूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पऱ्हाटी कमरेच्या वर जाते. वाघ त्यात दिवसभर बसला तरी दिसत नाही, आणि वेचणारी बाई वाकलेली असते. आपल्याकडचं भय शेतातलं आहे. पिक्चरमधलं भय बहुतेक जंगलातलं आहे. ही त्याची खरी उणीव.

बरोबर काय आहे तेही सांगायला हवं. वनखात्याचं काम यात जसं दिसतं तसं हिंदी पिक्चरमध्ये फारसं दिसलेलं नाही: कॅमेरा ट्रॅप झाडाला बांधणं, पावलांचे ठसे, गावात जाऊन ‘एकटे जाऊ नका’ हे शंभरदा सांगणं, आणि वरून येणारा दबाव. गुरं चारायची जागा गेली म्हणून माणूस जंगलात आत जातो, आणि वाघिणीची वाट तांब्याच्या खाणीनं अडली आहे. या दोन गोष्टी एकत्र मांडल्या म्हणून पिक्चर कोणा एकाला खलनायक करून सुटत नाही. विद्या बालननं अधिकारी बाई कुठेही भाषण न देता उभी केली आहे. शेवटी संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी दिसतात, तिथे एक शब्दही नाही. तो शेवट गर्दीत हरवेल.

राळेगावात दाखवणार असाल तर दोन गोष्टी पाळा. रात्री नको. पिक्चर संपल्यावर वाडी-वस्तीवरची माणसं पांदणीनं चालत घरी जातात, तीही नुकताच वाघ पाहून. दुपारी १२ ते ३ मध्ये शाळेच्या मोठ्या खोलीत घ्या. खिडक्यांना काळी ताडपत्री आतून नव्हे, बाहेरून लावा, म्हणजे फटीतून उजेड शिरत नाही. वर कौलं असतील तर जागोजागी उन्हाचे कवडसे पडतात, ती जागा पडद्यासाठी टाळा. पडदा खिडकीच्या भिंतीवर घ्या, समोर घेऊ नका, म्हणजे खिडकीचा उरलासुरला उजेड त्यावर पडत नाही. दुसरं, ज्या घरातलं माणूस वाघानं नेलं आहे त्या घरासाठी आर्वीच्या ताईंनी वर सांगितलेलीच काळजी इथेही लागू.

अभ्यासिका_दारव्हा

‘ट्वेल्थ फेल’ पोरांना आवडतोच, आणि ज्यांच्यावर तो आहे ते मनोज कुमार शर्मा महाराष्ट्र केडरचे आयपीएस आहेत म्हटल्यावर आणखी जवळचा वाटतो. विक्रांत मॅसीनं पिठाच्या गिरणीतले ते दिवस ज्या पद्धतीनं केले आहेत, त्यात कुठे खोट नाही. माझी हरकत मुलाखतीच्या प्रसंगाला आहे. तिथे पिक्चर फार गोड होतो आणि खरं बोललं की निवड होते असं वाटायला लागतं. पाचव्या प्रयत्नाला घरी परतलेली पोरंही त्याच खोलीत बसलेली असतात. दाखवा, पण पिक्चरमध्ये जो मित्र शेवटपर्यंत निवडला जात नाही आणि तरी दुसऱ्यांना उभं करतो, त्या गौरी भैयाबद्दल नंतर बोला. १४७ मिनिटं लागतात, अभ्यासिकेतच रविवारी घ्या.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: पहिला शनिवार ‘लापता लेडीज’, दुसरा ‘स्थळ’, तिसऱ्या शनिवारी आणि रविवारी मिळून ‘झुंड’. ‘शेरनी’ फेब्रुवारीत दुपारी खोलीत. ‘कोर्ट’ आणि ‘ट्वेल्थ फेल’ वाचनालयात. ‘गाभ्रीचा पाऊस’ ताईंनी सांगितलं तसं, घाई न करता.

दोन प्रश्न उरले. एक, ओटीटीवरून सरळ लावला तर चालतो का? दोन, गावठाणची लाइन सात-आठच्या सुमारास झटके देते, त्याचं काय?

आर्वीची_लेक

ओटीटीवरून नको. ती वर्गणी घरच्यांपुरती असते. पैसे न घेता दाखवलं तरी गावासमोर दाखवणं हे जाहीर प्रदर्शन होतं आणि कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क ज्याच्याकडे आहे त्याची परवानगी लागते. निर्मात्याला किंवा वितरकाला ईमेल करा. त्यात एवढं स्पष्ट लिहा: गाव, तारीख, जागा, अंदाजे किती माणसं, प्रवेश फुकट, प्रायोजक नाही, एकदाच दाखवणार, फाइल नंतर पुसणार. लहान निर्माते अशा पत्रांना उत्तर देतात, कधी थोडी रक्कम मागतात. होकार लेखी घ्या. महिनाभर हाताशी ठेवा, आणि मोठ्या कंपनीचा पिक्चर असेल तर त्याहून जास्त. पहिल्या शनिवारचा होकार वेळेत आला नाही तर ‘स्थळ’ आधी घ्या, रिकामा शनिवार ठेवू नका. मुलांसाठी काही हवं असेल तर बालचित्र समितीचे पिक्चर आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे (एनएफडीसी) आहेत, तिथे विचारा.

फाइल मागताना १०८० ची एमपी-फोर मागा. पेन ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीवरची फाइल त्यावर जातच नाही, आधी एक्सफॅट करून घ्या. आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र पाहा. २०२४ च्या नव्या नियमांपासून यूएचे (मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीत पाहायचे) ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन भाग झाले आहेत. जुन्या पिक्चरवर नुसतं यूए असतं, तिथे आपणच आधी पूर्ण पाहून ठरवायचं.

वणीचा_साउंडवाला

ओटीटी लावला असता तरी जुन्या प्रोजेक्टरवर पुष्कळदा आवाज येते अन् पडदा काळा राहते, कॉपी रोखणारं कुलूप असते त्यात. फाइलच बरी.

लाइनचं सांगतो. प्रोजेक्टर ३०० वॅट, दोन टॉप मिळून ५००, लॅपटॉप ६५. हजार वॅटच्या आत. दोन केव्हीएचं जनरेटर आरामात ओढते. ते पडद्यामागं शंभर फूट दूर, शाळेच्या भिंतीआड ठेवा, त्याचा आवाज ‘स्थळ’ खाऊन टाकीन. लाइनवर चालवा अन् जनरेटर तयार ठेवा असं करत असाल तं मधात एक केव्हीएचा यूपीएस फक्त प्रोजेक्टर आणि लॅपटॉपले लावा. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला की आतला पंखाही थांबते, गरम दिवा तसाच राह्यते अन् लवकर जाते. यूपीएसनं पाच मिनिटं मिळतेत, तेवढ्यात जनरेटर चालू होते. त्याच लाइनवर हॅलोजन, चहावाल्याची शेगडी काहीच नाही. वायर अडीच एमएमची तांब्याची, अन् रीळवर गुंडाळलेली ठेवू नोका, पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर गरम होते.

प्रोजेक्टर पडद्यापासून १८ फुटावर येईल, म्हणजे लोकाइच्या मधात. टेबल पक्कं पाह्यजे, भोवती चार बांबू लावून दोरी बांधा, पोट्ट्यांचा धक्का लागला की चित्र वाकडं. कीस्टोनचं बटन दाबून चित्र चौकोनी करू नोका, उजेडही जाते अन् अक्षरंही फाटतेत. टेबल उंच करा, पडद्याच्या मधोमध समोर आणा. नऊ वाजता दव पडाले लागते. प्रोजेक्टर चालू असतानी गरमच असते, पण बंद केल्यावर लेन्सवर झाकण लावून मगच बॅगमंधी टाका. वरून ताडपत्री टाकाची असली तं हवा जायचे दोन्ही बाजूचे छेद मोकळे सोडा.

अन् शुक्रवारी संध्याकाळी सगळं लावून पाहा. ‘स्थळ’च लावा, पाहुणे मुलीला नाव विचारतेत तो सीन. एक माणूस शेवटच्या रांगेच्या जागेवर, एक बायाच्या पट्ट्याच्या कडेले उभा करा. तिनं सांगितलेलं नाव दोघाइलेही ऐकू आलं पाह्यजे. एकाले आलं अन् दुसऱ्याले नाही तं आवाज वाढवू नोका, त्या बाजूच्या टॉपचं तोंड फिरवा. दोघाइलेही नाही आलं तं वायरच्या रिंगा पुन्हा मोजा.